रात्री कोण जागतं?



कुणाच्या घरी बाळ आल्याची बातमी कळली की आपले प्रश्न ठरलेले असतात. मुलगा की मुलगी? वजन किती भरलं? नॉर्मल की सिझर? नाक कुणावर गेलंय? मग पेढे की जिलेबी, यावर थोडी थट्टा होते आणि आपण आपापल्या कामाला लागतो. माझी अम्मा यातलं काहीच विचारत नसे. ती विचारायची, "रात कू कौन जागता?" म्हणजे, रात्री कोण जागतं?

हा प्रश्न तिच्या कामातूनच आलेला होता. साठ-सत्तरच्या दशकात, आमच्या कराडात, ती बाळंतिणीच्या घरी रात्रीची सोबत करायला जायची. ती सुईण नव्हे. बाळंतपण करणाऱ्या सुइणी वेगळ्या आणि सकाळी येऊन बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या बायकाही वेगळ्या. अम्माचं काम रात्री नऊला सुरू व्हायचं आणि पहाटेच्या अजानला संपायचं. हातात बॅटरी, काखेत घोंगडी आणि कमरेच्या चंचीत ओवा, एवढं सामान घेऊन ती निघायची. हिंदू घरांतल्या बायका तिला 'खालामावशी' म्हणत. खाला म्हणजे मावशीच. म्हणजे सगळी पेठ तिला 'मावशीमावशी' म्हणून हाक मारत होती आणि त्यात काही चुकतंय असं कुणालाच वाटत नव्हतं. सव्वा महिना राखण केली की एक लुगडं, दोन पायल्या ज्वारी आणि ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे पैसे मिळत. काही घरं पैसे विसरत, पण लुगडं विसरत नसत. लुगडं चारचौघांत द्यायचं असतं ना!

आता कुणी म्हणेल, रात्री नुसतं बसून राहायला बाई कशाला हवी? ज्यांनी तान्हं बाळ सांभाळलंय ते असं विचारणार नाहीत. नवजात बाळाला दिवस आणि रात्र यांतला फरक कळत नाही. त्याचं पोट एवढंसं असतं. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा त्याला पाजावं लागतं. एकदा पाजायला अर्धा-पाऊण तास. मग खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, ओलं दुपटं बदलायचं, पुन्हा झोपवायचं. त्यातून तासाभरानं डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा टँहँ सुरू. बाळाची रात्र थोडी लांबायला दोन-तीन महिने जातात. बाळ एकूण सोळा-सतरा तास झोपत असेल, पण तुकड्या-तुकड्यांनी. आणि या तुकड्यांवर जिला जगायचं असतं तिच्या अंगात रक्त कमी झालेलं असतं, टाके ओले असतात, कंबर धरलेली असते. अम्मा म्हणायची, "बाळ रडतं ते भुकेनं आणि आई रडते ती झोपेनं. लोक पहिल्याला घेतात, दुसरीला हसतात."

आपल्या जुन्या लोकांना हे माहीत होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत काय उगाच पडली? तिथे आई असते, काकू असते, लग्नाची बहीण असते. हिंदूंमध्ये सव्वा महिना, आमच्यात चाळीस दिवसांचा चिल्ला. बाईनं चुलीपाशी जायचं नाही, पाणी भरायचं नाही, असं सांगताना विटाळाचं नाव घेतलं जाई. ते नाव मला पटत नाही. पण त्या आडून बाईला चाळीस दिवस अंथरूण मिळत होतं, हेही खरं.

आणि सटवाईची रात्र आठवा. पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची आणि बायकांनी रात्रभर जागायचं. आमच्याकडेही छठी करतातच. मला लहानपणी वाटायचं, देवी येणार म्हणून बायका जागतात. आता वाटतं, कुणीतरी जागं राहायला हवं होतं म्हणून ही देवी आली असावी. अस्वच्छ विळ्यानं नाळ कापली जायची त्या काळात बाळाला धनुर्वात व्हायचा तो साधारण याच दिवसांत. लसीमुळे आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांमुळे भारतातून नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झालं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली मान्य केलं. ते संकट गेलं. जागरण मात्र उरलंच.

अम्माची पद्धत सरळ होती. गेल्या-गेल्या ती बाळंतिणीला झोपायला लावायची. सासू म्हणायची, "अहो, बाळाला घ्या की आधी." अम्मा म्हणायची, "मी बाळासाठी नाही आले, हिच्यासाठी आले. ही झोपली तर बाळाला उद्या दूध मिळेल." बाळ भुकेनं उठलं की ती बाळंतिणीला हलकेच हलवायची, पाजून झालं की बाळ परत आपल्याकडे. ढेकर, दुपटं, थोपटणं, सगळं तिचं. ती भिंतीला पाठ लावून बसायची, आडवी व्हायची नाही. आडवं झालं की झोप गळा धरते, असं ती म्हणे. ती अंगाई गात नसे. आवाज खरखरीत होता तिचा. नुसता 'हं हं' असा एक सूर, ओढगाडीच्या चाकासारखा. मी पुढे कविता लिहायला लागलो. लयीचं म्हणून जे काही मला कळलं, ते त्या 'हं हं'पासून.

तिचं सगळंच बरोबर होतं असं मात्र नाही. ती बाळाच्या कानात तेल सोडायची, शेगडीवर ओवा टाकून खोलीभर धूर करायची. आता डॉक्टर सांगतात की कानात-नाकात तेल नको, बंद खोलीत धूर नको, पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय गुटी नको, मध नको, पाणीसुद्धा नको आणि बाळाला पाठीवरच झोपवा. ते ऐकावं. मावशीचं जागणं घ्यावं आणि डॉक्टरचं सांगणंही घ्यावं.

एक गोष्ट आमच्या घरी शंभर वेळा सांगितली गेली. ११ डिसेंबर १९६७. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर तर उद्ध्वस्त झालंच, कराडातही घरं हादरली. अम्मा त्या रात्री एका वाड्यात अकरा दिवसांच्या बाळाला खांद्यावर घेऊन बसली होती. जमीन गुरगुरली तशी ती उठली, बाळंतिणीला दंडाला धरून ओढलं आणि तिघं अंगणात आली. फडताळातली पितळी भांडी रिकाम्या पाळण्यात कोसळली होती. त्या घरचे लोक पुढे कितीतरी वर्षं म्हणत, खालामावशीचा पायगुण. अम्मा हसायची. म्हणायची, "पायगुण कायका? मैं जागी थी, इत्ताच."

मी जागी होते, एवढंच.

श्रोतेहो, इथपर्यंत ही गोष्ट ऐकायला बरी वाटते. पण तिला दुसरी बाजू आहे आणि आज मला खरं तर तीच सांगायची आहे. दुसऱ्याच्या बाळाची रात्र सांभाळणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घरी रात्री कोण जागत होतं?

१९७४ साली माझा धाकटा भाऊ जन्मला. आमची दादी तोवर वारली होती. अब्बांचं शिवणकामाचं छोटं दुकान. ईद-दिवाळीला मशीन रात्रभर चाले, एरवी गिऱ्हाइकाची वाट बघणं. अम्माचे पैसे घराला लागत होते. भाऊ पाच महिन्यांचा झाला आणि अम्मा पुन्हा कामाला जाऊ लागली. मग रात्री भावाला आपानं घेतलं. आपा म्हणजे माझी थोरली बहीण. दहा वर्षांची. तो रडला की ती त्याला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारायची. शेळीचं दूध कोमट करून वाटीनं पाजायची. मी पाच वर्षांचा होतो. अर्धवट झोपेत मला तिची सावली भिंतीवरून इकडून तिकडे जाताना दिसायची. सकाळी शाळेत ती पाटीवर डोकं टेकून झोपायची. मास्तरांनी दोनदा निरोप पाठवला. चौथी झाली आणि शाळा सुटली. कुणी तिला शाळेतून काढलं नाही, घरात भांडण झालं नाही, कुणी निर्णयसुद्धा घेतला नाही. हातातून दोरा सुटावा तशी शाळा सुटली.

मी बी.ए. झालो. भाऊ आयटीआय करून कामाला लागला. आपा माझ्या कविता अजून ओळीखाली बोट फिरवत वाचते. अम्माला हे शेवटपर्यंत सलत राहिलं. शेवटच्या आजारपणात एकदा म्हणाली, "दुनिया के बच्चे सुलाई, अपनी बच्ची कू जगाई." जगाची लेकरं निजवली, पोटच्या पोरीला जागं ठेवलं.

रात्रीच्या मदतीची ही साखळी अशी असते. बाळंतिणीच्या मागे अम्मा, अम्माच्या मागे आपा. आपाच्या मागे कुणी नाही. साखळी कुठेतरी तुटते आणि बहुतेक वेळा ती दहा वर्षांच्या मुलीपाशी तुटते.

आणि जिथे आपासुद्धा नसते तिथे काय होतं, हे मुंबईच्या गिरण्यांनी पाहिलेलं आहे. शंभर वर्षांपूर्वी गिरणीत काम करणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची गोळी देत. तिला बाळागोळी म्हणत. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी गिरणी कामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ सगळ्याच घरांत हा प्रकार आढळला. त्या आया काही दुष्ट नव्हत्या. दिवसभर साच्यावर उभं राहायचं, रात्री घरचं काम आणि पुन्हा पहाटेचा भोंगा. बाळ निजलं नाही तर आई उभी राहू शकणार नाही आणि आई उभी राहिली नाही तर खायला मिळणार नाही. घरात जागणारं माणूस नाही, त्या जागी गोळी आली. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं, यात सगळ्या देशाचं हित आहे. १९२९ साली मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. देशातला तो पहिला. पुढे १९६१ साली सगळ्या देशासाठी झाला आणि २०१७ साली भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली.

पण कायद्याचा हात सगळीकडे पोचत नाही. दिवाळीच्या आगेमागे रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्याकडे किंवा यशवंतनगरच्या सह्याद्रीकडे जा. बीडकडून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या दिसतील. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली. बाई फडात उभी राहिली नाही तर खाडा धरतात. मग बाळंत होऊन थोड्याच दिवसांत ती मोळ्या उचलायला येते. पहाटे अंधारात निघायचं, ट्रक भरायला रात्री कधीही हाक येणार. कोपीत बाळापाशी कोण? सोबत आणलेली म्हातारी, नाहीतर आठ-नऊ वर्षांची पोरगी. ती पोरगी मला दिसते तेव्हा मी तिला ओळखतो.

दुसऱ्यांचं सांगून झालं. आता माझं सांगतो.

१९९८ साली आम्हाला मुलगी झाली. चिल्ला झाल्यावर बायको माहेरून कराडला आली. दोन खोल्यांचं घर, मी पतसंस्थेत कारकून. 'सकाळी कामावर जायचंय' असं म्हणून मी बाहेरच्या खोलीत झोपायला लागलो. मला यात काही चूक वाटली नाही. अब्बाही असेच झोपत. अम्माची नजर तोवर मोतीबिंदूनं अधू झाली होती, ती भावाकडे असायची. माझी बायको महिनाभर एकटी जागली. एके रात्री जळका वास आला म्हणून मी आत गेलो. गॅस चालू होता, पातेल्यातलं दूध आटून पातेलं काळं पडलं होतं आणि ती शेजारी मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. डोळे उघडे. तिला वास आला नव्हता. ती म्हणाली, "मी कधी उठले?"

त्याच आठवड्यात मी एका कविसंमेलनात अंगाईवरची कविता वाचून टाळ्या घेतल्या होत्या. घरी येऊन मोठ्या कौतुकानं तिला ती ऐकवली. ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला अंगाई ऐकू आली. रडणं कसं नाही ऐकू आलं?"

ती कविता मी पुढे कुठल्याच संग्रहात घेतली नाही.

अम्माला कळलं तशी ती घोंगडी घेऊन आली. दिसत नव्हतं नीट, पण हातांना सगळं ठाऊक होतं. ती आत बसली आणि मला म्हणाली, "तूबी बैठ." दहा-बारा रात्री मी तिच्याजवळ बसून शिकलो. मान कशी धरायची, ढेकर कशी काढायची, दुपट्याची घडी कशी घालायची. एकोणतीस वर्षांचा घोडा मी, मला माझ्या आंधळ्या होत चाललेल्या आईनं बाप व्हायला शिकवलं. बायको पूर्ववत व्हायला मात्र काही महिने गेले. बाळंतपणानंतर पहिले आठ-पंधरा दिवस उगाच रडू येणं, मन हळवं होणं पुष्कळ जणींना होतं आणि जातं. पण दोन आठवडे उलटूनही बाई हसत नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, झोपायला मिळूनही झोप येत नाही, मनात नको ते विचार येतात, असं असेल तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. तेव्हा आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. आता सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा आहे, १४४१६ हा तिचा क्रमांक. फोन करायला लाजू नका.

ती मुलगी आता पुण्यात असते आणि गेल्या वर्षी तिला मुलगा झाला. काळ बदलला म्हणजे काय, ते मी तिथे जाऊन पाहिलं. अमेरिकेत किंवा दुबईत मुलगी असली की आपले आजी-आजोबा डिंकाचे लाडू आणि व्हिसा घेऊन विमानात बसतात. आमचं पुणं तर तीन-चार तासांवर. पण बायकोचे गुडघे गेलेले, जावयाची आई नोकरीत. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला १५ दिवसांची रजा आहे, खासगी नोकरीत तसं कायद्याचं बंधन नाही. जावयाला पाच दिवस मिळाले. सहाव्या दिवशी दोघंही भिंतीला टेकून बसलेली, मी बोललेलं एकालाही कळत नव्हतं. मग त्यांनी एका एजन्सीकडून रात्रीची बाई लावली. रात्री नऊ ते सकाळी सहा.

आमच्या नात्यातल्या काही म्हाताऱ्या माणसांनी नाकं मुरडली. पैसे देऊन परकी बाई? आमच्या वेळी असं नव्हतं! मी म्हटलं, होतं की. माझ्या आईला तुमच्या घरातून लुगडं मिळालेलं आहे. आपल्या वेळी सगळं प्रेमानं आणि फुकट होत होतं, हा एक गोड गैरसमज आहे. काही घरांत आजी होती, काही घरांत अम्मा होती, आणि जिथे कुणी नव्हतं तिथल्या बाईचं काय झालं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

ती बाई मराठवाड्यातल्या एका गावची. वय सव्वीस-सत्तावीस. हात हलका, बाळ तिच्याकडे गेलं की शांत. रोज नऊच्या आधी ती जिन्यात उभी राहून फोनवर बोलायची. दोन वर्षांची मुलगी गावी सासूकडे. "निजली का गं माझी बाय?" एवढंच विचारायची आणि डोळे पुसून आत यायची. एका रात्री तीनच्या सुमारास माझी मुलगी पाणी प्यायला उठली, तर बाळ मांडीवर आणि बाई झोपेत झुकलेली. मुलगी घाबरली, चिडली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मांडीवर बाळ असताना डोळा लागणं धोक्याचंच. दुसऱ्या दिवशी मी बाईला विचारलं, दिवसा कुठे असतेस? तर दहा ते चार ती दुसऱ्या दोन घरी स्वयंपाक करत होती. म्हणजे झोपायला मिळत होते तीन तास, तेही दाटीवाटीच्या खोलीत.

तिला काढून दुसरी आणायची, असं एजन्सीनं सुचवलं. मी मुलीला म्हटलं, दुसरीही अशीच दमलेली येईल. मग आम्ही घरात बसून हिशेब मांडला. बाईला दुपारचं एक काम सोडता यावं एवढे पैसे वाढवले. तिच्यासाठी वेगळी गादी घातली आणि ठरवलं की पहाटे तीन ते सहा मी जागणार, तेव्हा तिनं झोपायचं. आठवड्यातून एक रात्र तिला पगारी सुट्टी. त्या रात्री जावई आणि मी. मुलगी डॉक्टरांना विचारून दूध काढून ठेवायची, ते स्वच्छ वाटी-चमच्यानं जावई पाजायचा, म्हणजे तिला सलग चार-पाच तास झोप मिळायची. चार-पाच तास! ऐकायला किती थोडे वाटतात. आठवड्याभरात मुलीचा चेहरा पुन्हा तिचा झाला.

हे सगळ्यांना परवडणारं नाही, हे मला कळतं. म्हणून तर हा प्रश्न एकेका घराचा राहता कामा नये. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. रात्री जागणाऱ्या या बायकांची नोंद, सुट्टी, विश्रांती आणि त्यांच्या लेकरांची सोय त्यातून कशी होईल, हे बघायला हवं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेता येते हे दाखवून दिलं. त्यातूनच पुढे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊ लागल्या. नेदरलँडसारख्या देशात बाळंतपणानंतर आठवडाभर प्रशिक्षित मदतनीस घरी येते आणि तिचा बहुतेक खर्च आरोग्य विमा उचलतो. दिवसाची मदत दारापर्यंत नेता येते, हे आपल्याला आलेलं आहे. रात्रीचं अजून उरलंय.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. नवऱ्यांनो, बाहेरच्या खोलीतलं अंथरूण आत आणा. पाजणं सोडून बाकी सगळं पुरुषाला येतं, आणि ज्याला येत नाही त्यानं दहा रात्री शिकावं. आजोबांनो, नाहीतरी पहाटे तीनला आपली झोप उडालेली असतेच, ती कामी लावा. शेजारच्यांनो, झबलं-टोपडं न्यायच्या ऐवजी दुपारी दोन तास बाळाला घ्या आणि त्याच्या आईला दार लावून झोपू द्या. आणि घरात रात्रीची बाई असेल तर तिनं केव्हा झोपायचं, ते तिच्या पगाराबरोबरच ठरवा. पेढा हातात आला की पहिला प्रश्न माझ्या अम्माचा विचारा. रात्री कोण जागतं?

जाता जाता एक सांगतो. बाळ दोन महिन्यांचं झालं तेव्हा आपा पुण्याला आली. साठी ओलांडली तिनं. त्या दिवशी बाईची सुट्टी होती. रात्री एकच्या सुमारास बाळ रडलं आणि मी उठेपर्यंत आपानं त्याला खांद्यावर घेतलंसुद्धा. गॅलरीत फेऱ्या सुरू. रस्त्यावरच्या दिव्यानं तिची सावली भिंतीवरून इकडून तिकडे जात होती. मी पाच वर्षांचा असताना पाहिलेली, तीच.

मी गेलो आणि बाळाला तिच्याकडून घेतलं. म्हटलं, "आपा, तू झोप. आज मी जागतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन झोपली. सकाळी नऊ वाजले तरी उठली नाही. कुणी तिला उठवलं नाही.